गर्भात मुलगा घडतो तो कसा?

काही वर्षांपूर्वी विज्ञान शिक्षकांच्या एका शिबिरात आनुवंशिकतेवर बोलायला गेलो होतो. तालुक्याचे गाव, शाळेचा हॉल, समोर साठेक शिक्षक. व्याख्यान झाले, चहा झाला, सतरंज्या गोळा होऊ लागल्या तरी एक बाई मागे रेंगाळत होत्या. सगळे पांगल्यावर त्यांनी पर्समधून एक कागद काढला. वरचा नावाचा भाग दुमडून त्याला टाचणी लावली होती. त्यांच्या एका माजी विद्यार्थिनीचा तो तपासणी अहवाल होता. मुलगी सतरा वर्षांची. उंची, बांधा, छातीची वाढ, सगळे इतर मुलींसारखे. पाळी मात्र आलेली नव्हती, म्हणून तपासण्या झाल्या. अहवालाच्या शेवटी एकच ओळ ठळक छापली होती: गुणसूत्रे ४६, एक्सवाय.

“कुणीतरी तिच्या आईवडिलांना सांगितलं, ही मुलगी नाहीच तुमची,” बाई म्हणाल्या. “पोरगी माझ्याकडे आली. म्हणाली, बाई, तुम्हीच फळ्यावर लिहून दिलं होतं, एक्सएक्स म्हणजे मुलगी आणि एक्सवाय म्हणजे मुलगा. मग मी कोण? तिला काय सांगू? मी चुकीचं शिकवलं का हो?”

त्यांनी चुकीचे शिकवले नव्हते. मीही तसेच शिकलो आणि पुढे बरीच वर्षे तसेच सांगत आलो. पण फळ्यावरची ती ओळ गर्भधारणेच्या क्षणाबद्दल आहे आणि मूल जन्मते ते नऊ महिन्यांनी. मधल्या काळात गर्भामध्ये काय काय घडावे लागते, कोणती जनुके कधी आणि कुठे जागी व्हावी लागतात, हे आपण वर्गात बहुतेक सांगतच नाही. ते पाहिले तर त्या मुलीच्या प्रश्नाचे उत्तर मिळते, आणि इतर काही प्रश्नांचीही.

एकाच गर्भात दोन्हींची तयारी

शाळेच्या भिंतीवर पुरुषाच्या आणि स्त्रीच्या प्रजननसंस्थेचे दोन वेगळे तक्ते टांगलेले असतात. त्यामुळे नकळत असे वाटते की या दोन संस्था सुरुवातीपासूनच वेगळ्या बनतात. तसे नाही. सुमारे सहा आठवड्यांचा मानवी भ्रूण घेतला, तर त्यातली गुणसूत्रे एक्सएक्स असोत वा एक्सवाय, आतली मांडणी तीच असते. पोटाच्या मागच्या बाजूला जननग्रंथींची एक जोडी असते. तिला अजून वृषणही म्हणता येत नाही आणि अंडाशयही. शेजारून दोन्ही बाजूंना दोन दोन नलिका खाली जातात. एक वुल्फ नलिका, दुसरी म्यूलर नलिका. अठराव्या आणि एकोणिसाव्या शतकांतल्या दोन जर्मन शास्त्रज्ञांची ही नावे. वुल्फ नलिकेपासून पुरुषाचे अधिवृषण, शुक्रवाहिनी आणि शुक्राशय बनतात. म्यूलर नलिकेपासून स्त्रीची अंडनलिका, गर्भाशय आणि योनीचा वरचा भाग बनतो. म्हणजे प्रत्येक गर्भात, तुमच्या-माझ्यातही, एकेकाळी दोन्ही तक्त्यांची कच्ची तयारी शेजारी शेजारी होती.

वुल्फ नलिका मुळात प्रजननासाठी बनतच नाही. ती गर्भाच्या तात्पुरत्या मूत्रपिंडाची नळी असते. कायमचे मूत्रपिंड तयार झाले की या तात्पुरत्याचे काम संपते. मग मुलाच्या गर्भात ही जुनी नळी शुक्राणूंच्या वाहतुकीसाठी वापरली जाते. जुन्या घराच्या वाशांनी नवे घर बांधावे तसा हा प्रकार. कायमच्या मूत्रपिंडाची सुरुवातही याच नलिकेच्या खालच्या टोकाला फुटणाऱ्या एका कोंबापासून होते. म्हणूनच एखाद्या पुरुषात एका बाजूची शुक्रवाहिनी जन्मतःच नसेल, तर कधी कधी त्या बाजूचे मूत्रपिंडही नसते. शरीरशास्त्राच्या पुस्तकात ही दोन वेगळी प्रकरणे असतात, गर्भात मात्र त्यांचे मूळ एकच.

ही नलिका बनवणारी जनुके, उदाहरणार्थ पॅक्स-२, मुलगा-मुलगी असा भेद करत नाहीत. पॅक्स-२ निकामी केलेल्या उंदरांत मूत्रपिंडे होत नाहीत, आणि नरात नराच्या व मादीत मादीच्या प्रजननमार्गाचाही पत्ता नसतो. मादीत का नसावा? कारण म्यूलर नलिका आपली आपण वाढत नाही. वुल्फ नलिकेच्या अस्तरातून डब्ल्यूएनटी-९बी नावाचे एक संदेशवाहक प्रथिन झिरपते आणि त्याच्या आधाराने, वुल्फ नलिकेला चिकटूनच, म्यूलर नलिका खाली उतरते. थोडक्यात, जी नलिका मुलीत पुढे नाहीशी होणार, तिच्याशिवाय मुलीचे गर्भाशय बनू शकत नाही.

सशाच्या पिलांवरचा प्रयोग

मग या दोन नलिकांपैकी कोणती राहणार आणि कोणती जाणार, हे ठरते कशाने? याचे पहिले स्पष्ट उत्तर १९४० च्या दशकात पॅरिसमध्ये आल्फ्रेड जोस्त यांनी दिले. सशाचा गर्भकाळ साधारण ३१ दिवसांचा. जोस्त गाभण सशिणीचे पोट उघडून, १९व्या दिवसाच्या आसपासच्या पिलाच्या जननग्रंथी काढून टाकत आणि पिलू पुन्हा आत ठेवून गर्भाशय शिवत. ही पिले बोटभर असतात. युद्धानंतरच्या काळातली साधने लक्षात घेतली तर हे हातकाम थक्क करणारे आहे.

जन्माच्या सुमारास पाहिले तर जननग्रंथी काढलेली सगळीच पिले मादीच्या मार्गाने गेली होती. त्यांच्या पेशींत एक्सएक्स होते की एक्सवाय, याने फरक पडला नव्हता. म्हणजे नलिकांना गुणसूत्रे ‘वाचता’ येत नाहीत. वृषणाकडून काहीतरी येते आणि त्यावर त्यांचे भवितव्य ठरते.

इथे कोणीही म्हणेल, ते काहीतरी म्हणजे टेस्टोस्टेरॉन. जोस्त यांनाही तसेच वाटले असावे, कारण त्यांनी ते तपासून पाहिले. वृषणाऐवजी टेस्टोस्टेरॉनचा स्फटिक बसवला. वुल्फ नलिका टिकली, वाढली. पण म्यूलर नलिकाही तशीच राहिली! त्याच पिलात दोन्ही. याचा अर्थ वृषणातून दोन वेगळे निरोप निघतात: एक वुल्फ नलिकेला सांगणारा की रहा, आणि दुसरा म्यूलर नलिकेला सांगणारा की जा. मादी पिलात एका बाजूला वृषणाचे कलम केले तेव्हा परिणाम मुख्यतः त्याच बाजूला झाला. निरोप शेजारच्या शेजारीच पोचतो. १९४७ साली हे निष्कर्ष प्रसिद्ध झाले तेव्हा डीएनएची रचनासुद्धा माहीत नव्हती. दुसऱ्या निरोपाचे जनुक हाती यायला १९८६ साल उजाडले. त्या संप्रेरकाला म्यूलर-विरोधी संप्रेरक, संक्षेपाने एएमएच म्हणतात. वंध्यत्वाच्या तपासण्यांत आज स्त्रियांच्या रक्तात जे एएमएच मोजतात, ते हेच. मोठेपणी स्त्रीच्या अंडाशयातही ते बनते, फक्त गर्भावस्थेतल्या त्या आठवड्यांत बनत नाही.

‘वाय’चे काम केवढे?

आता एक पायरी मागे जाऊ. जननग्रंथीचे वृषण करायचे हे कोण ठरवते? इथे, आणि जवळजवळ इथेच, वाय गुणसूत्र पुढे येते. १९९० साली लंडनमध्ये पीटर गुडफेलो आणि रॉबिन लव्हेल-बॅज यांच्या गटांनी वायवरचे एक जनुक शोधले, एसआरवाय. त्यापासून बनणारे प्रथिन अवघ्या २०४ अमिनो आम्लांचे आहे. १९९१ साली याच शास्त्रज्ञांनी उंदराच्या एक्सएक्स भ्रूणात हे एकच जनुक घातले. त्यातून जन्मलेला उंदीर नर झाला. त्याला शुक्राणू बनवता येत नव्हते, कारण त्यासाठी वायवरची इतर जनुके लागतात. पण वृषणे होती आणि प्रजननमार्ग नराचा होता.

उंदरात हे जनुक साडेदहाव्या दिवसाच्या सुमारास जागे होते आणि साडेबाराव्या दिवसापर्यंत झोपी जाते. जेमतेम दोन दिवसांचे काम. त्यातही उशीर चालत नाही. प्रयोगात हे जनुक काही तास उशिरा सुरू केले तर जननग्रंथी अंडाशयाची वाट धरते आणि मग मागे फिरत नाही.

जनुक जागे आहे की झोपलेले, हे दिसते कसे, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात आणि तो विचारलाच पाहिजे. प्रत्येक पेशीत सगळीच जनुके असतात. जे जनुक कामाला लागते त्याची आरएनएच्या रूपात नक्कल निघते आणि त्या नकलेवरून प्रथिन बनते. या नकलेला नेमका चिकटणारा तुकडा प्रयोगशाळेत बनवता येतो आणि रासायनिक क्रियेने तिथे रंग उतरवता येतो. गर्भाचे पातळ काप घ्यायचे, तो तुकडा सोडायचा, जास्तीचा धुऊन टाकायचा. जिथे जनुक जागे, तिथे जांभळा रंग येतो. साडेबारा दिवसांच्या उंदराच्या गर्भातली जननग्रंथी तांदळाच्या कणीएवढी असते. साध्या विच्छेदन सूक्ष्मदर्शकाखाली नराच्या कणीवर आडवे पट्टे दिसतात आणि मादीच्या कणीवर नुसते ठिपके. गेली अनेक वर्षे हे पाहतो आहे. अजूनही दरवेळी मी ते पट्टे मोजत बसतो.

एसआरवाय स्वतः फारसे काही बांधत नाही. ते सॉक्स-९ नावाच्या दुसऱ्या जनुकाला जागे करते. सॉक्स-९ माणसात १७ व्या गुणसूत्रावर आहे, म्हणजे मुलींकडेही असतेच. ते एकदा पुरेसे चालू झाले की स्वतःला चालूच ठेवते आणि एसआरवायची गरज संपते. गाडी ढकलून सुरू करणाऱ्याने बाजूला व्हावे तसे. सॉक्स-९ ला जागे करण्यासाठी त्याच्यापासून दूर, डीएनएवर सुमारे साडेपाच लाख अक्षरे अलीकडे, ५५७ अक्षरांचा एक नियंत्रक तुकडा आहे. या तुकड्यापासून कोणतेही प्रथिन बनत नाही. २०१८ साली एक्सवाय उंदरांतून फक्त हा तुकडा कापून काढला, आणि वाय जागेवर, एसआरवाय शाबूत असूनही त्यांच्यात अंडाशये झाली.

सॉक्स-९ मुळे घडलेल्या सर्टोली पेशी एएमएच बनवतात. त्यांच्या आसपास तयार होणाऱ्या लायडिग पेशी टेस्टोस्टेरॉन बनवतात. हे मानवी गर्भाच्या सातव्या ते नवव्या आठवड्यांतले काम. एएमएचचे जनुक १९ व्या गुणसूत्रावर, त्याच्या ग्राही प्रथिनाचे १२ व्यावर. ग्राही म्हणजे पेशीचा कान. संप्रेरक कितीही आले तरी तो नसेल तर काही ऐकू येत नाही. आणि टेस्टोस्टेरॉनच्या ग्राहीचे जनुक कुठे आहे? एक्स गुणसूत्रावर. मुलाला एक्स मिळते ते आईकडूनच. पुरुषपणाचा निरोप ऐकणारा कान प्रत्येक मुलाला आईकडून मिळतो. ‘वाय म्हणजे मुलगा’ या ओळीत ही गोष्ट कुठेच मावत नाही.

निरोप आणि कान

म्यूलर नलिका जाते कशी हे जरा थांबून पाहण्यासारखे आहे. एएमएच नलिकेच्या अस्तरावर थेट काम करत नाही. त्याचे ग्राही असतात नलिकेभोवतीच्या सैलसर ऊतीत. ही ऊती निरोप ऐकते आणि मग आतल्या अस्तराचा आधार काढून घेते. पण या ऊतीला ग्राही बनवायला कोण सांगते? खुद्द म्यूलर नलिकेचे अस्तर! त्यातून निघणारे डब्ल्यूएनटी-७ए हे प्रथिन नसेल, तर भोवतालच्या ऊतीत ग्राही तयारच होत नाहीत आणि नर उंदरातही म्यूलर नलिका टिकून राहते. ज्या फांदीवर बसायचे तीच तोडणाऱ्याची गोष्ट आपण मुलांना सांगतो. इथे फांदीच कुऱ्हाड हातात देते.

माणसातही असे पुरुष आढळतात. एएमएच किंवा त्याच्या ग्राहीच्या जनुकात दोष असतो, बाकी सगळे ठीक. वृषण खाली न उतरल्यामुळे किंवा हर्नियासाठी शस्त्रक्रिया होते आणि सर्जनला आत गर्भाशय आणि अंडनलिका दिसतात. ज्यांच्यात हे सापडते त्यांच्यापैकी काहींचा संसार झालेला असतो, मुलेही असतात. जोस्त यांच्या स्फटिक बसवलेल्या सशाचेच हे मानवी रूप.

वुल्फ नलिकेकडे टेस्टोस्टेरॉन पोचले की ती टिकते, पण टिकणे वेगळे आणि घडणे वेगळे. एकाच सरळ नळीतून वर वेटोळ्यांचे अधिवृषण, मध्ये जाड भिंतीची सरळ शुक्रवाहिनी आणि खाली पिशवीसारखे शुक्राशय, हे तीन वेगळे अवयव झाले पाहिजेत. मोठ्या माणसाच्या अधिवृषणाची नळी उलगडली तर सुमारे सहा मीटर भरते. वर्गाच्या एका भिंतीएवढी नळी बोटाच्या दोन पेरांत बसवलेली असते! टेस्टोस्टेरॉन तर सगळ्या नळीला सारखेच मिळते. मग जागा कोण सांगते? हे काम होक्स जनुकांचे. माशीच्या अळीपासून माणसापर्यंत शरीराचा कोणता भाग कुठे, हे सांगणारी ही जनुके, जणू पत्त्यातले गल्ली क्रमांक. वुल्फ नलिकेत वरून खाली त्यांचे वेगवेगळे संच जागे असतात. उंदरात होक्सए-११ निकामी केले तर पत्ता चुकतो आणि शुक्रवाहिनीचा भाग अधिवृषणासारखा घडू लागतो. मानवात होक्सए-१३ मध्ये दोष असलेल्यांच्या हातापायांचे अंगठे आखूड असतात आणि त्यांच्या मूत्र-प्रजननमार्गातही दोष आढळतात. बोटे आणि हा मार्ग, दोन्ही शरीराच्या टोकाचे भाग. पत्ता लिहिणारा एकच.

पुरस्थ ग्रंथी, म्हणजे प्रोस्टेट, वुल्फ नलिकेतून येत नाही. ती मूत्रमार्गाच्या सुरुवातीच्या भागातून फुटते. तिथे आणि बाह्य जननेंद्रियांत टेस्टोस्टेरॉनचे आधी एका विकराकडून डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन व्हावे लागते. ते त्याच ग्राहीला जास्त घट्ट चिकटते. हा विकर नसेल तर? डॉमिनिकन रिपब्लिकमधल्या अशा कुटुंबांचे वर्णन ज्युलियन इम्पेराटो-मॅकगिन्ली आणि सहकाऱ्यांनी १९७४ साली केले. मुले जन्मतः बाहेरून मुलींसारखी दिसत आणि तशीच वाढवली जात. आत मात्र वृषणे आणि वुल्फ नलिकेचे अवयव नीट असत, गर्भाशय नसे. वयात येताना टेस्टोस्टेरॉनचा जोर वाढला की आवाज फुटे, स्नायू भरत, शिस्न वाढे. एका पायरीची गैरहजेरी बाकीच्या पायऱ्या किती स्वतंत्र आहेत ते दाखवते.

आता एक दुरुस्ती. जोस्त यांच्या प्रयोगानंतर कित्येक वर्षे पुस्तकांत असे लिहिले गेले की मुलगी ‘आपोआप’ होते, मुलगा मात्र ‘घडवावा’ लागतो. मीही हे वाक्य व्याख्यानांत वापरले आहे. २०१७ साली अमेरिकेत हम्फ्री याओ यांच्या गटाने मादी उंदरांच्या गर्भात वुल्फ नलिकेभोवतीच्या ऊतीतले सीओयूपी-टीएफ-२ हे जनुक काढले. या पिलांत वृषण नाही, टेस्टोस्टेरॉन नाही, तरीही वुल्फ नलिका टिकून राहिली. म्हणजे मादीत ती उपासमारीने मरत नाही. तिला हटवणारे जनुक तिथे कामावर असते. अंडाशय घडवणारीही स्वतंत्र जनुके आहेत. तेव्हा ‘आपोआप’ हा शब्द वर्गातून काढून टाकलेला बरा.

कागदावरची ओळ

आता त्या बाईंच्या कागदाकडे येऊ. मी डॉक्टर आहे तो पीएच.डी.चा, निदान करणे माझे काम नाही, हे त्यांना आधीच सांगितले. मग विचारले, सोनोग्राफी झाली का? झाली होती. गर्भाशय दिसत नव्हते. जांघेजवळ दोन्ही बाजूंना लहान ग्रंथी दिसत होत्या.

वाचकहो, क्षणभर थांबून विद्यार्थ्यांना हे कोडे घालून पाहा. एक्सवाय आहे आणि बाह्यरूप मुलीचे आहे. समजा एसआरवायच निकामी आहे. मग वृषण नाही, म्हणून एएमएच नाही, म्हणून म्यूलर नलिका राहील आणि गर्भाशय असेल. अशा स्त्रिया असतात. दात्या स्त्रीचे अंडे घेऊन त्यांनी बाळंत झाल्याची उदाहरणे आहेत. पण या मुलीला गर्भाशय नाही. म्हणजे एएमएच आले होते. म्हणजे वृषणे झाली होती. मग टेस्टोस्टेरॉनही बनले असणार. तरी बाह्यरूप मुलीचे, कारण निरोप ऐकायला कानच नसावा. ग्राहीचे जनुक बिघडले असले की टेस्टोस्टेरॉन रक्तात भरपूर असूनही शरीराला ते नसल्यासारखेच. वयात येताना त्यातल्या काही टेस्टोस्टेरॉनचे इस्ट्रोजेन होते, त्याचा ग्राही ठीक असतो, आणि छातीची वाढ होते. पाळी येत नाही, कारण गर्भाशय नाही. काखेत केस जवळजवळ नसतात. दोन अहवालांवर तीच अक्षरे, ४६, एक्सवाय. पण अडलेली पायरी निराळी आणि पुढचे आयुष्यही निराळे.

साधारण २०,००० ते ६४,००० एक्सवाय जन्मांमागे एका व्यक्तीत हे पूर्णपणे घडते असे मानतात. क्रीडाजगताला हा धडा महागात पडला. स्पेनची अडथळ्यांच्या शर्यतीतली धावपटू मारिया होसे मार्तिनेझ-पातिनो १९८५ साली कोबे इथल्या स्पर्धेत गुणसूत्र चाचणीत अडकली. पदके, शिष्यवृत्ती, सगळे गेले. टेस्टोस्टेरॉनचा तिच्या शरीरावर परिणामच होत नाही हे दाखवून १९८८ साली तिने हक्क परत मिळवला. १९९६ च्या अटलांटा ऑलिंपिकमध्ये ३,३८७ स्त्री खेळाडूंपैकी आठ जणींच्या चाचणीत एसआरवाय सापडले. सातजणींत कारण हेच, कमी-अधिक प्रमाणात. सगळ्यांना खेळू दिले गेले. १९९९ साली ऑलिंपिक समितीने ही सरसकट चाचणी सोडली. २०२५ साली जागतिक ॲथलेटिक्स संघटनेने स्त्री खेळाडूंसाठी एसआरवाय चाचणी पुन्हा लागू केली, तेव्हा हे जनुक शोधणाऱ्यांपैकीच अँड्र्यू सिंक्लेअर यांनी तिला जाहीर विरोध केला. जनुक आहे की नाही एवढेच ही चाचणी सांगते. पुढे काय घडले ते सांगत नाही. मला त्यांचे म्हणणे पटते.

बाईंना मी कागदावर आकृती काढून दिली: दोन ग्रंथी, दोन नलिका, चार बाण, आणि कोणता बाण थांबला असावा त्यावर फुली. मुलीला एवढे सांगा म्हटले, की तुझे शरीर ज्या निरोपाने मुलाचे झाले असते तो त्याने कधी ऐकलाच नाही. ते वाढले ते मुलीचे म्हणून. आणि अशा रुग्णांची सवय असलेल्या शहरातल्या डॉक्टरकडे न्या. आतल्या ग्रंथी घाईने काढायची गरज बहुधा नसते. वयात येईपर्यंत त्यांतून कर्करोगाचा धोका फार कमी असतो, आणि त्या काढल्या तर हाडांसाठी इस्ट्रोजेन बाहेरून द्यावे लागते.

दीडेक वर्षाने बाईंचे पत्र आले. जनुकाची तपासणी झाली होती, अंदाज खरा निघाला होता. मुलगी कॉलेजात होती, आईवडिलांना समजावायला मात्र बरेच महिने लागले. डॉक्टरांनी सांगितले की हा दोष तीनांपैकी साधारण दोन वेळा आईच्या एक्सवरून येतो, आईला स्वतःला त्याचा त्रास नसतो, आणि तिच्या बहिणींकडेही तो असू शकतो. तेव्हा मुलीची आई गप्प झाली आणि मग बोलली. तिच्या धाकट्या बहिणीला कधीच पाळी आली नव्हती. अठराव्या वर्षी लग्न करून दिले, दोन वर्षांनी वांझ म्हणून सासरच्यांनी परत आणून सोडले. आता वय पंचेचाळीस, माहेरी शिवणकाम करून राहते.

बाईंनी विचारले होते, आता या वयात मावशीची तपासणी करण्यात काही अर्थ आहे का? मी लिहिले, आहे. वय वाढते तसा त्या ग्रंथींतला धोका वाढतो, त्या एकदा पाहायला हव्यात. शिवाय कारण जाणून घ्यायचे आहे का, हे तिचे तिला विचारा. पुढच्या पत्रात होते की मावशी तपासणी करून आली, आणि मी काढलेली ती आकृती तिने बाईंकडून स्वतःजवळ ठेवायला मागून घेतली.